फेसाचा गुण, फेसाचा दोष

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आई रिठे फोडून भिजत घालीत असे. पहाटे ते कुस्करले की घंगाळात फेसच फेस. डोक्यावर पाणी ओतताना ती दरवर्षी एकच सूचना देई : ‘‘डोळे घट्ट मीट, आग होईल.’’ त्या सूचनेमागचे रसायन समजायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि तेही एका फजितीनंतर.

मी शास्त्रज्ञ नाही. बँकेतली नोकरी सांभाळून औषधी वनस्पतींच्या इतिहासावर जमेल तसे वाचत आले. 2022च्या सुरुवातीला आमच्या गावच्या वाचनालयात माझे व्याख्यान झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्स लशीला नुकतीच परवानगी मिळाली होती. त्या लशीत चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतले फेसाळ द्रव्य असते, हे मी सांगितले. पुढे उत्साहाच्या भरात म्हणून गेले, ‘‘फेस तर आपल्या रिठ्यालाही येतो!’’ टाळ्या पडल्या. मग एका आजोबांनी विचारले, ‘‘ताई, मग लस टोचून घेण्याआधी चमचाभर रिठ्याचे पाणी प्यायले तर लस जास्त लागू पडेल का?’’

मी घाईने ‘‘नको नको’’ म्हणाले, पण का नको ते मला सांगता येईना. मागच्या रांगेतले एक निवृत्त पशुवैद्य उठले आणि म्हणाले, ‘‘रक्ताच्या थेंबात रिठ्याचे पाणी घालून पाहा. तांबड्या पेशी फुटतात.’’ आजोबांना तेव्हा देता न आलेले उत्तर या लेखात मांडते आहे.

आधी लशीत असे द्रव्य लागतेच कशाला, ते पाहू. लशीतून शरीराला रोगजंतूची ओळख करून द्यायची असते. पूर्वी त्यासाठी अख्खा मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू वापरत. आता पुष्कळदा त्याचे एखादे शुद्ध प्रथिनच टोचतात. हे सुरक्षित खरे. पण एकट्या प्रथिनाकडे शरीर फारसे लक्ष देत नाही. धोक्याची घंटा वाजवणारे काहीतरी सोबत लागते. त्याला ॲडज्युव्हंट, म्हणजे सहायक द्रव्य म्हणतात.

ही गोष्ट पहिल्यांदा घोड्यांनी दाखवली. 1920च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों हा पशुवैद्य घटसर्पावरची प्रतिविषे घोड्यांच्या रक्तातून मिळवत होता. टोचल्या जागी ज्या घोड्यांना गळू होई, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडे. मग त्याने मुद्दाम दाह निर्माण करण्यासाठी टॅपिओका, पावाचा चुरा, सॅपोनिन असे पदार्थ लशीत मिसळून पाहिले. 1926मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनीने तुरटीचा उपयोग दाखवला. पुढे कित्येक दशके माणसांच्या लशींत ॲल्युमिनियमच्या क्षारांचेच राज्य राहिले. या क्षारांमुळे प्रतिपिंडे चांगली तयार होतात. पण रोगग्रस्त पेशी हुडकणाऱ्या टी-पेशी त्यांनी फारशा जाग्या होत नाहीत. हिवतापासारख्या रोगाला हे अपुरे पडते.

इथे सॅपोनिनकडे पुन्हा लक्ष गेले. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग मेदात रमतो, तर त्याला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या पाण्यात. म्हणूनच तो फेस करतो आणि तेलकटपणा काढतो. पण आपल्या पेशींचे आवरणही मेदाचेच, आणि त्यात कोलेस्टेरॉल असते. सॅपोनिन त्या कोलेस्टेरॉलला चिकटते आणि आवरणाला भोके पाडते. डोळ्यांची आग, फुटलेल्या तांबड्या पेशी, रिठ्याच्या पाण्याने गुंगणारे मासे या सगळ्यांच्या मुळाशी पेशीच्या आवरणावरचा हा हल्ला आहे. वनस्पती स्वतःच्या संरक्षणासाठी ही द्रव्ये तयार करते; तिला आपल्या न्हाण्याशी कर्तव्य नसते.

चिलीतल्या किलाय या झाडाची साल तिथले मापुचे लोक पूर्वापार धुण्यासाठी वापरत आले आहेत. डेन्मार्कच्या क्रिस्टियन डाल्सगार्डने 1974मध्ये या सालीतून ‘क्विल ए’ नावाचा अर्क वेगळा केला. लाळ्या-खुरकुतासारख्या जनावरांच्या रोगांवरील लशींत तो चालला. माणसाला मात्र झेपणारा नव्हता. त्यात अनेक सॅपोनिनांची सरमिसळ होती. 1991मध्ये अमेरिकेत शार्लट केन्सिल आणि सहकाऱ्यांनी तिचे घटक एकेक करून सुटे केले. त्यांतल्या एकविसाव्या अंशात परिणाम चांगला आणि विषारीपणा तुलनेने कमी आढळला. त्याचे नाव पडले क्यूएस-21.

तरीही दोष पुरता गेला नव्हता. त्यावर एक युक्ती सापडली : सॅपोनिनला कोलेस्टेरॉलची ओढ आहे, तर ते आधीच पुरवायचे. स्वीडनच्या ब्रोर मोरेन यांनी 1984मध्ये सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि मेद यांचे पिंजऱ्यासारखे सूक्ष्म कण दाखवून दिले. कोव्होव्हॅक्समधले मॅट्रिक्स-एम याच घराण्यातले. नागिणीवरच्या शिंग्रिक्स लशीत क्यूएस-21 मेदाच्या सूक्ष्म फुग्यांत बसवलेले असते. एका मात्रेत 50 मायक्रोग्रॅम.

पुढचा प्रश्न अधिक धाडसाचा होता. हा रेणू जसाच्या तसाच हवा का? अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड जिन यांनी क्यूएस-21 प्रयोगशाळेत घडवून दाखवला. तीस कार्बनांचा गाभा, त्याच्या एका टोकाला तीन साखरांची फांदी, दुसऱ्या टोकाला चार साखरांची साखळी आणि तिला जोडलेला मेदाम्लाचा हात अशी त्याची रचना. घड्याळजी एकेक चाक काढून पाहतो, तसे जिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक भाग बदलला. मेदाम्लाचा हात ज्या बंधाने जोडलेला असतो तो पाण्यात हळूहळू तुटतो. तिथे टिकाऊ बंध घातला, तरी गुण कायम राहिला. जिन 2011मध्ये ऐन उमेदीत वारले. सहकाऱ्यांनी काम पुढे नेले आणि 2014मध्ये दाखवून दिले, की तीन साखरांची अख्खी फांदी छाटली तरी उंदरांत रेणूचा प्रभाव टिकतो. मेदाम्लाचा हात मात्र महत्त्वाचा. तो गेला की टी-पेशींना जागवण्याचे काम ढेपाळते.

रिठ्याच्या सॅपोनिनांचा गाभा वेगळा आहे, साखरा बहुधा एकाच बाजूला असतात आणि तो लांब मेदाम्लाचा हात त्यांना नाही. व्याख्यानात मी ज्या फेसाच्या जोरावर टाळ्या मिळवल्या, तो दोघांत सारखा होता. लशीला लागणारा भाग सारखा नव्हता.

हे सगळे कुतूहलापुरते नाही. ऑक्सफर्ड आणि सीरम यांच्या आर-21 या हिवतापाच्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023मध्ये शिफारस केली. आफ्रिकेतल्या मुलांसाठी तिच्या कोट्यवधी मात्रा लागतील, आणि तिच्यातही मॅट्रिक्स-एमच आहे. म्हणजे पुण्यात भरल्या जाणाऱ्या कुपीचा एक धागा चिलीच्या डोंगरउतारांवरच्या झाडांपर्यंत जातो. साल काढायला मोठी झाडे लागतात, आणि झाड मागणीच्या वेगाने वाढत नाही. म्हणून इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमध्ये ॲन ऑसबोर्न यांच्या गटाने झाडातली निर्मितीची वाट उलगडून ती तंबाखूच्या जातीतल्या रोपात उतरवली. 2024मध्ये जे किसलिंग यांच्या आणि सहकारी गटांनी सहा सजीवांतली 38 विकरे यीस्टमध्ये घालून पूर्ण क्यूएस-21 तयार केले. उत्पन्न होते लिटरमागे सुमारे 100 मायक्रोग्रॅम. शिंग्रिक्सच्या हिशेबाने लिटरभर द्रवात दोन मात्रा, तीही शुद्धीकरणातली घट न धरता. झाडावरचा भार उतरायला अजून अवकाश आहे. पण यीस्टचा मोठा फायदा असा, की त्यात नको असलेली फांदी मुळातच न घडवण्याचा प्रयत्न करता येतो.

तर आजोबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. सहायक द्रव्य लशीतल्या प्रथिनाबरोबर, त्याच सुईतून, त्याच लसिकाग्रंथीत पोहोचावे लागते. पोटात गेलेले रिठ्याचे पाणी तिथे पोहोचत नाही. ते पोटाची आग तेवढी करते. झाडाचे आहे म्हणून ते सौम्य ठरत नाही. सालीतल्या अर्कापासून माणसाला झेपेल अशा लशीपर्यंत यायला कित्येकांची चाळीसेक वर्षे खर्ची पडली, ती याच कारणासाठी.

यंदाही आमच्याकडे रिठे भिजतील. नातीला मी डोळे घट्ट मिटायला सांगेन, आणि तिने ‘का?’ विचारले तर या वेळी सांगता येईल.