न दिसणाऱ्या काठाकडे

विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाच्या लेखी पाण्यावर उताणे पडणे म्हणजे दम खाणे होय. हात थकले की पाठीवर वळावे, अंग सैल सोडावे आणि दम परत आल्यावर पुन्हा पालथे होऊन काठ गाठावा. या विसाव्याच्या आसनालाच शर्यतीचे रूप दिले की बॅकस्ट्रोक सिद्ध होतो. आणि जलतरणाच्या चार प्रकारांत हाच एक असा की ज्यात आरंभ पाण्यातूनच करावा लागतो व आपण जेथे निघालो ते स्थान स्पर्धकास दिसत नाही. भिंतीपासून 5 मीटरांवर तलावाच्या रुंदीभर पताका टांगलेल्या असतात. त्या डोळ्यांवरून सरकल्या की भिंत किती हातांवर आली, याचा वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरलेला हिशेब, एवढाच काय तो आधार.

हा हिशेब ज्यांना साधला त्यांत हंगेरीच्या क्रिस्तिना एगरसेगी हिचे स्थान, माझ्या मते, सर्वांत वरचे आहे. 16 ऑगस्ट 1974 रोजी बुडापेस्ट येथे जन्मलेली ही मुलगी 1988 च्या सप्टेंबरात सोल ऑलिंपिकमध्ये 200 मीटरच्या अंतिम शर्यतीस उतरली, तेव्हा तिला 14 वर्षे पूर्ण होऊन जेमतेम सव्वा महिना लोटला होता. तिचे वजन 45 किलो होते, आणि उरलेल्या स्पर्धकांत जी सर्वांत हलकी तीही तिच्याहून 19 किलोंनी जड होती. त्या काळी स्त्रियांच्या जलतरणावर पूर्व जर्मनीची निर्विवाद हुकमत होती, आणि त्या हुकमतीमागे सरकारी आज्ञेने चालणारी उत्तेजक द्रव्यांची योजना होती, हे बर्लिनची भिंत कोसळल्यावर सरकारी दप्तरांतूनच उघडकीस आले. त्या मुलींवर ठपका ठेवण्याचे मला धैर्य होत नाही, कारण आपल्याला काय दिले जात आहे, हे त्यांतील कित्येकींना ठाऊकही नव्हते. परंतु बळ वाढवण्यासाठी अवघे राज्ययंत्र राबत असताना या सडपातळ मुलीने 2 मिनिटे 9.29 सेकंदांत पूर्व जर्मनीच्या दोघींना मागे टाकावे, ही घटना मला पदकाहून मोठी वाटते.

तिचे सामर्थ्य कशात होते? पाणी हे शक्तीपुढे सहजासहजी नमत नाही. जितके जोराने त्यास लोटावे तितका त्याचा प्रतिरोध वाढत जातो, आणि म्हणून ज्याचे शरीर पृष्ठभागाशी समांतर राहते, ज्याची कंबर खाली ढळत नाही, त्याचे श्रम पुढे जाण्याच्या कामी येतात. एगरसेगी पाण्यावर अशी उंच राहत असे की खांदे आलटून पालटून कलत असतानाही मस्तक निश्चल असे; आणि 200 मीटरांच्या उत्तरार्धात, जेव्हा इतरांचे पाय जड होऊ लागत, तेव्हाही तिची लय मोडत नसे.

1991 साली वळणाचा नियम बदलला. तोवर भिंतीस पाठीवर असतानाच हाताने स्पर्श करणे बंधनकारक होते; आता पालथे होऊन कोलांटी घेण्यास मुभा मिळाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अथेन्सच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत तिने 100 मीटरांचा 1 मिनिट 0.31 सेकंद आणि 200 मीटरांचा 2 मिनिटे 6.62 सेकंद असे दोन विश्वविक्रम नोंदवले. पुढच्या वर्षी बार्सिलोनात या दोन्ही शर्यतींसह 400 मीटर वैयक्तिक मिडलेचेही सुवर्णपदक तिने मिळवले.

1994 साली रोम येथील जागतिक स्पर्धेत मात्र 200 मीटरला तिला रौप्यपदकावर थांबावे लागले. अटलांटात 1996 साली तिने वैयक्तिक 100 मीटरची शर्यत सोडून दिली. तरी मिडले रिलेच्या पहिल्या टप्प्यात तिने तेच अंतर त्या शर्यतीच्या विजेतीपेक्षाही कमी वेळात कापले, ही तपशिलाची गोष्ट तिच्या चाहत्यांना अजून हळहळायला लावते. 200 मीटरला मात्र दुसऱ्या क्रमांकाशी 4.15 सेकंदांचे अंतर होते, आणि एवढ्या पल्ल्यात हे अंतर जवळजवळ अविश्वसनीय म्हणावे लागेल. एकच शर्यत लागोपाठ तीन ऑलिंपिकांत जिंकण्याचा मान तोवर जलतरणात केवळ ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझर हिला लाभला होता. जलतरणात वैयक्तिक पाच सुवर्णपदके मिळवणारी तर एगरसेगी स्त्री-पुरुषांत पहिलीच. वयाच्या 22 व्या वर्षी तिने स्पर्धांचा निरोप घेतला. तिचा अथेन्समधील 200 मीटरांचा विक्रम मोडण्यास झिंबाब्वेच्या कर्स्टी कोव्हेन्ट्री हिला 2008 साल उजाडावे लागले.