बॉस, जरा हळू घ्या!

सोमवार ते शुक्रवार आपण घड्याळामागे धावतो, ते एक वेळ ठीक. पण शनिवार-रविवारीही तेच? ‘दोन दिवसांत सात पॉइंट्स’ उरकून सोमवारी डोळे चोळत डेस्कवर यायचं, याला सुट्टी म्हणायचं की आणखी एक प्रोजेक्ट? या वेळी गोव्याचा हट्ट सोडा आणि वाशिष्ठीच्या खाडीकडे वळा. अलीकडे दाभोळ, पलीकडे धोपावे आणि पुढे गुहागर. बस्स, एवढंच.

वाशिष्ठी तशी अनोळखी नाही. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी हिच्याच पात्रात येतं. तिकडे टर्बाइन फिरवून आलेलं पाणी इथे निवांतपणे समुद्राला मिळतं. आपणही तेच करायचं!

बोट सुटली? सुटू दे!

आज झोपाळू वाटणारं दाभोळ एकेकाळी बडं बंदर होतं. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात भारत फिरून परत निघाला, तो इथूनच. आदिलशाही काळातली दगडी मशीद आणि गुहेतलं चंडिकादेवीचं मंदिर बघून थेट जेटीवर या. २००३ पासून इथली फेरीबोट माणसांबरोबर गाड्याही पलीकडे नेते. नाहीतर चिपळूणवरून भलामोठा वळसा. बोट नुकतीच सुटली असेल तर पुढचीची वाट बघायची. हॉर्न वाजवून काही होत नाही. शेजारी टोपल्या घेतलेल्या मावश्या, शाळेची पोरं, एखादी नवी नवरी. कुणालाच घाई नसते.

सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाडीवर पूल आहे. तो व्हायलाच हवा. रात्री-अपरात्री पेशंटला पलीकडे न्यायचं असेल, तर बोटीची वाट बघण्यात कसली आलीय मजा? पण पूल झाला की आपण इथून भुर्रकन निघून जाऊ आणि खाडी आरशातही दिसणार नाही. म्हणून म्हणतोय, बोट आहे तोवर जाऊन या.

वाळूखाली कुणीतरी आहे

गुहागर म्हणजे व्याडेश्वराचं देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या मागे लांबलचक किनारा. संध्याकाळी चालत सुटा, बाकी काही करू नका. गाडी वाळूत घालून रील काढायचा मोह तर मुळीच नको. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथून सॅटेलाइट टॅग लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात पोचली. एवढा प्रवास करणाऱ्या जिवाची पिल्लं आपल्या टायरखाली जायला नकोत, नाही का?

दुसऱ्या दिवशी हेदवीला जा. तिथल्या बामणघळीत भरतीच्या वेळी लाटा घुसतात आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. भरती कधी? कोकणात त्याचा सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. थोडं मागे-पुढे होतं, म्हणून स्थानिकांना विचारूनच जा. घळीच्या काठावर सेल्फी नको आणि अनोळखी समुद्रात उगाच शूरपणाही नको.

कसं जाल? काय खाल?

कोकण रेल्वेने चिपळूण, तिथून एसटीने गुहागर साधारण ४५ किलोमीटर. बोटीची मजा हवी असेल तर दापोलीमार्गे दाभोळ गाठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. राहायला घरगुती सोय बघा, पण जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. काकू विचारतील, ‘‘किती पानं मांडू?’’ मग गरम भात, सोलकढी आणि जमलं तर उकडीचे मोदक. मासे हवे असतील तर आधीच विचारा, सगळ्याच घरांत मिळत नाहीत.

आणि हो, मेल आली तर? येऊ दे की. ती सोमवारपर्यंत कुठे पळून जात नाही.