चेतक ते पल्सर : एका कारखान्याचे वळण

१९७२ मध्ये आलेली बजाज चेतक ही पुढची दोन-अडीच दशके भारतीय मध्यमवर्गाची हक्काची गाडी होती. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी, त्यामुळे स्कूटर नोंदवल्यावर ती दारात यायला कित्येकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. गिऱ्हाईक असे रांगेत उभे असताना कारखान्याला नवे काही सुचण्याची गरज पडत नाही. तीच गाडी, जमेल तितकी, स्वस्तात बनवत राहायची. पुण्याजवळच्या आकुर्डीत आणि १९८५ पासून औरंगाबादजवळच्या वाळूजमध्ये बजाज ऑटोने हे काम उत्तम केले. यंत्रे, पुरवठादार, विक्रेते, कामगारांच्या हातातले कसब अशी सारी घडण स्कूटरभोवती झाली.

त्याच १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिनामुळे ती पेट्रोल कमी पिई आणि मोठ्या चाकांमुळे खेड्यांतल्या रस्त्यांवर नीट चाले. बजाजला मोटरसायकल परकी नव्हती. कावासाकीच्या सहकार्याने ती १९८६ पासून बजाजच्याच कारखान्यात बनत होती. पण पैसा स्कूटर देत होती, म्हणून चांगली माणसे आणि भांडवल तिकडेच जात राहिले. बदल नेमका इथे अडतो. धोका दिसत असतो, मात्र कमावत्या विभागाच्या तोंडचा घास काढून नव्याला द्यायला कोणी धजत नाही. १९९१ नंतर बाजार खुला झाला, तरुण गिऱ्हाईक मोटरसायकलकडे वळले आणि नव्या शतकाच्या आरंभी दुचाकींतले पहिले स्थान हिरो होंडाकडे गेले.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि पुढे वॉरिकला शिकलेले राजीव बजाज १९९० मध्ये कंपनीत आले होते. त्यांनी बदलाची सुरुवात कारखान्यापासून केली. १९९९ मध्ये चाकणला नवा कारखाना उभा राहिला. शेकडो लहान पुरवठादारांची यादी छाटून काम थोड्या, अधिक सक्षम पुरवठादारांकडे दिले गेले. संशोधन विभाग कावासाकीवर विसंबून न राहता स्वतःची इंजिने घडवू लागला. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये १५० आणि १८० सीसीची पल्सर आली; २००३ मध्ये तिला दोन स्पार्क प्लगांचे डीटीएस-आय इंजिन मिळाले. शंभर सीसीच्या गाड्यांत हिरो होंडाशी समोरासमोर झुंजण्यापेक्षा जास्त ताकदीच्या गाड्यांचा वेगळा गट उभा करणे, हा या साऱ्यातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

या बदलाची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजली नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनांतून हजारो कामगार बाहेर पडले. २००७ मध्ये करसवलती असलेल्या उत्तराखंडात पंतनगरचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी आकुर्डीतले उत्पादन थांबले. आयुष्य एका असेंब्ली लाइनवर घालवलेल्या माणसाला चाळिशी-पन्नाशीत हातात रक्कम मिळते, कसबाला मात्र दुसरीकडे मागणी नसते. उद्योगाच्या चपळाईचे गोडवे गाताना हा हिशेब नेहमी वगळला जातो, आणि तो वगळणे अन्यायाचे आहे. चाकणच्या तरुण कामगारांनीही २०१३ मध्ये सुमारे पन्नास दिवस संप केला. कंपनीचे शेअर नाममात्र किमतीत मिळावेत, अशी त्यांची एक मागणी होती. वाढलेल्या नफ्यात वाटा मागण्याची ती रीत नवी होती.

२००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर पूर्ण सोडण्याचे जाहीर केले. राजीव यांचे वडील राहुल बजाज यांनी आपले दुःख उघडपणे बोलून दाखवले, तरी निर्णय मुलाचाच राहिला. लक्ष मोटरसायकलवर एकवटल्याने निर्यात वाढली. आफ्रिकेत मोटरसायकल-टॅक्सी म्हणून बजाजची बॉक्सर धावू लागली, आणि २००७ पासून ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये घेतलेल्या भागीदारीतून चाकणला त्या कंपनीच्या गाड्याही बनू लागल्या. पण तेवढ्यात होंडाच्या अॅक्टिव्हाने गिअर नसलेल्या स्कूटरचा बाजार प्रचंड वाढवला आणि त्यात बजाजची एकही गाडी नव्हती. एकाच वस्तूवर भर देण्याचा हा तोटाही नोंदवायला हवा.

विजेवरची चेतक २०२० च्या जानेवारीत विक्रीला आली, आणि २०२२ च्या जूनमध्ये आकुर्डीत तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. इंजिन घडवण्यात मुरलेल्या या कंपनीला तिथे बॅटरी, मोटर आणि सॉफ्टवेअर यांचे कसब नव्याने उभे करावे लागत आहे.