बाळाच्या रक्तातील निजलेले जनुक



मी वैद्य नव्हे. नंदुरबार जिल्ह्यातील शाळांतून मुले शिकविण्यात माझे आयुष्य गेले. वर्गात कधी कधी एखादे मूल असे असे की, ते वारंवार गैरहजर राही. आले तरी हातपाय दुखतात म्हणून कोपऱ्यात बसे. डोळ्यांत पिवळसर झाक दिसे. अशा मुलांस आळशी ठरवून मी रागे भरलो आहे. पुढे सिकलसेल रोगाची लक्षणे वाचनात आली, तेव्हा त्या रागाची लाज वाटली. त्या रोगाविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. म्हणूनच बारीक नलिकांतून त्या सहज निसटतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कसे घडवावे, याचा लेख जनुकांत असतो. या लेखात एका अक्षराची चूक झाली की, हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. चूक एवढीच, परंतु प्राणवायू सोडताच असे कण एकमेकांस चिकटतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी नलिकांत अडकल्या की असह्य वेदना होतात. त्या लवकर फुटतात म्हणून पंडुरोग व कावीळ जडते. शिकागोचे डॉ. हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हिंदुस्थानात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी जमातींत त्या आढळल्या.

सदोष जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आले, तर मनुष्य केवळ वाहक होतो व बहुधा निरोगी राहतो. हिवतापाच्या तीव्र हल्ल्यापासून त्याचे काहीसे रक्षणही होते. जंगली व हिवतापाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला, तो यामुळेच. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत काही पाहण्यांत शेकडा २० च्या आसपास वाहक आढळले आहेत. विदर्भातही हा रोग आहे. दोघेही आईबाप वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो.

आता मुख्य मुद्दा. मूल गर्भात असता त्याचे हिमोग्लोबिन निराळे असते व ते घडविणारे जनुकही निराळे. जन्मानंतर हे जनुक हळूहळू निजते आणि सहा महिन्यांच्या सुमारास दुसरे जनुक सर्व कारभार हाती घेते. दोष असतो तो या दुसऱ्यात. म्हणून सिकलसेलचे बाळ आरंभी गुटगुटीत दिसते. पहिले जनुक निजले की रोग उघडा पडतो. नळीत रक्त घालून गढूळपणा पाहण्याची स्वस्त परीक्षाही या वयात फसते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने मात्र नवजात बालकाचा दोषही कळतो.

आधी कळून लाभ काय, असे कोणी विचारील. लाभ हा की, पाच वर्षांपर्यंत नित्य पेनिसिलिन व न्यूमोनियाची लस दिल्याने पुष्कळ बालके वाचतात. पोटातील प्लीहा एकाएकी वाढली, तर ती हाताने चाचपून ओळखण्यास आईस शिकविता येते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तर त्या निजलेल्या जनुकासच काही अंशी जागे करते व वेदनांचे झटके कमी होतात. १९९८ साली अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी त्यास मान्यता मिळाली. २०२३ साली ब्रिटनने मान्य केलेला नवा उपचारही हेच जनुक जागविण्याचा आहे. मात्र तो फार खर्चाचा आहे.

१ जुलै २०२३ रोजी भारत सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम आरंभिली. आदिवासी भागांतील चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हा तिचा संकल्प आहे. तथापि तपासणीचा कागद हाती आल्यावर एखाद्या वाहक मुलीचे लग्न मोडणार असेल, तर लोक रक्त देण्यास कसे धजावतील? वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक तर नव्हेच. दोघेही वाहक असता संततीचा विचार वैद्याच्या सल्ल्याने व्हावा, इतकेच.

शिक्षक बंधुभगिनींस माझी एकच विनंती: कोपऱ्यात बसलेल्या मुलास रागे भरण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले आहे काय, एवढे घरी विचारा. मी ते विचारले नाही.