उघड्या कोडाची तपासणी

बँकेचा व्यवहार करतांना किंवा पत्र पाठवितांना संगणकावर जो पासवर्ड लिहिला जातो, तो वाटेंत दुसऱ्या कोणी वाचूं नये म्हणून सांकेतिक लिपींत बदलून पाठवितात. हें काम करणाऱ्या आज्ञावलींपैकीं ‘ओपन-एसएसएल’ ही जगांत फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती कोणा एका कंपनीची गुप्त वस्तु नाहीं. तिचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा मूळ मजकूर, कोणीहि वाचावा, वापरावा आणि सुधारून पाठवावा, अशी मोकळीक आहे. अशा आज्ञावलींना ‘ओपन सोर्स’ म्हणतात. जें सर्वांसमोर उघडें आहे, त्यांत दोष फार काळ लपून राहणार नाहीं, अशी पुष्कळांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेची परीक्षा २०१४ सालीं झाली.

ती परीक्षा समजण्यासाठीं अशा प्रकल्पांत काम कसें चालतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. कोणी दूरदेशचा, बहुधा कधीं भेटहि न झालेला मनुष्य एखादा बदल लिहून पाठवितो. प्रकल्पाचा एखादा जाणता सभासद तो ओळीनें वाचतो, शंका विचारतो, दुरुस्ती सुचवितो आणि समाधान झालें म्हणजेच तो मूळ कोडांत सामील करतो. याला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. दुसरी तपासणी यंत्राची. अमुक दिलें असतां अमुकच उत्तर यावें, असे अनेक प्रश्न लिहून ठेवलेले असतात. बदल आला कीं संगणक ते सारे आपोआप सोडवून पाहतो. यंत्र थकत नाहीं, कंटाळत नाहीं. परंतु जो प्रश्न कोणी लिहिलाच नाहीं, तो तें विचारीत नाहीं. मनुष्याला न लिहिलेला प्रश्नहि सुचतो. मात्र तो थकतो, आणि त्याच्यापाशीं वेळ थोडा असतो.

२०११ सालच्या ३१ डिसेंबरला ओपन-एसएसएलमध्यें ‘हार्टबीट’ नांवाची एक नवी सोय सामील झाली. कल्पना साधी होती. संभाषण चालू असलेल्या दोन संगणकांपैकीं एकानें दुसऱ्याला एक शब्द पाठवावयाचा व त्याची लांबी सांगावयाची. दुसऱ्यानें तोच शब्द परत करावयाचा. म्हणजे दोघेहि जागे असल्याची खात्री पटते. दोष असा कीं, सांगितलेली लांबी खरी आहे कीं नाहीं, हें ताडून पाहण्याची आज्ञा लिहावयाची राहून गेली. चार अक्षरें पाठवून ‘हीं ६४ हजार आहेत’ असें कोणी सांगितलें, तर समोरचा संगणक उरलेली भरती स्वतःच्या स्मृतींतून करी. त्या स्मृतींत कोणाचे पासवर्ड असत, तर कधीं साऱ्या कुलुपांची मूळ किल्लीहि असे.

तपासणी झालीच नव्हती, असें मात्र नाहीं. एका संशोधक विद्यार्थ्यानें लिहिलेला तो बदल प्रकल्पाच्या एका सभासदानें वाचला होता. खरें सांगणाऱ्या संगणकाशीं ती सोय नीट चालत होती. लांबी खोटी सांगणाऱ्याशीं ती कशी वागेल, हा प्रश्न यंत्राच्या प्रश्नसंचांत नव्हता आणि वाचणाऱ्यालाहि सुचला नाहीं. मार्च २०१२ मध्यें ती आवृत्ति प्रसिद्ध झाली व दोन वर्षें जगभर वापरांत राहिली. ७ एप्रिल २०१४ रोजीं दोष जाहीर झाला, आणि दुरुस्त आवृत्तीहि त्याच दिवशीं निघाली. ‘हार्टब्लीड’ या नांवानें तो ओळखला जातो. तरी थोड्याच दिवसांत कॅनडाच्या महसूल खात्याच्या संगणकांतून सुमारे ९०० नागरिकांचे ओळख-क्रमांक चोरीस गेले.

हा दोष दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सांपडला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. गूगलचे नील मेहता कोड ओळ न ओळ वाचीत होते. फिनलंडच्या ‘कोडेनोमिकॉन’ कंपनीचे तंत्रज्ञ आपलें यंत्र-तपासणीचें साधन सुधारीत होते. म्हणजे मनुष्याच्या वाचनानेंहि तो सांपडला आणि यंत्राच्या परीक्षेनेंहि. मार्ग दोन्ही मोकळे होते. उणीव होती ती त्यांवरून वेळेवर जाणाऱ्यांची. या प्रकल्पाला देणग्या मिळत त्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. उपयोग करणारे असंख्य, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. आणि दुसरा कोणी वाचीत असेल, अशा समजुतीनें सारेच निश्चिंत.

पुढें व्यवस्था बदलली. त्याच महिन्यांत लिनक्स फाउंडेशननें मोठमोठ्या कंपन्यांकडून निधि उभारण्यास आरंभ केला आणि त्यांतून या प्रकल्पासाठीं पूर्ण वेळच्या दोन जाणकारांची सोय झाली. लेखकाखेरीज दुसऱ्या सभासदानें तपासल्यावांचून कोणताहि बदल घ्यावयाचा नाहीं, असा दंडक घातला गेला. हार्टबीटसाठीं स्वतंत्र परीक्षाहि लिहिली गेली. २०१६ सालीं गूगलनें ‘ओएसएस-फझ’ ही योजना काढली. तींत संगणक वेडेंवांकडें, तुटकें व खोटें साहित्य ओपन सोर्स आज्ञावलींना अखंड देत राहतो आणि कोठें ठेंच लागते तें पाहतो.

यावरून अशा प्रकल्पाची शिस्त ठरते. जें यंत्राला तपासतां येईल, तें सारें यंत्राकडे द्यावें, म्हणजे वाचणाऱ्याची बुद्धि न लिहिलेल्या प्रश्नांसाठीं मोकळी राहते. बदल लहान लहान तुकड्यांनीं मागवावे, कारण मोठा ढीग कोणी मन लावून वाचीत नाहीं. एकदां सांपडलेल्या प्रत्येक दोषाचा प्रश्न बनवून तो प्रश्नसंचांत घालावा, म्हणजे तोच दोष पुन्हा आंत शिरत नाहीं. आणि वाचणाऱ्यांचें पोट कोण भरतो, याचा विचार आज्ञावली फुकट वापरणाऱ्यांनींहि करावा. कोड उघडा ठेवल्यानें तो वाचतां येतो, एवढेंच. तो वाचला जाईल याची तजवीज निराळी करावी लागते.