ग्रॅम वाचवा, पाणी नाही

यूटा-ॲरिझोना सीमेवरच्या पॅरिया कॅन्यनची सुमारे 61 किलोमीटरची वाट बरीचशी नदीतूनच जाते. म्हणून चामडी बूट नकोत, पाणी झटकन निथळणारे जाळीचे हवेत. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह यांत वजन जरूर कापावं. पाण्यात मात्र मुळीच नाही. लिटरमागे किलो धरूनच सॅक भरावी. नदीच्या गढूळ पाण्याने फिल्टर तुंबतो. घडीच्या पिशवीत ते रात्रभर ठेवावं, चिमूटभर तुरटी घालावी, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यावं आणि मगच गाळावं. जुलै ते सप्टेंबर टाळाच! डोक्यावर लख्ख ऊन असतानाही दूरवरच्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत शिरतो, आणि तिथे वर चढायला जागाच नसते. शौचाच्या पिशव्याही परत आणाव्या लागतात. तेही वजन धरा.