‘जमेल तितके करा’ हे उद्दिष्ट नव्हे!

दिवसभर क्षणाची उसंत मिळत नाही आणि तरीही सायंकाळी नेमके काय पूर्ण झाले, हे सांगता येत नाही, असा अनुभव अनेक नोकरदारांना येतो. त्याचे खापर बहुधा आळसावर किंवा अपुऱ्या वेळेवर फोडले जाते. प्रत्यक्षात अनेकदा कोणते काम कोठपर्यंत न्यायचे, हेच ठरलेले नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलेला सिद्धान्त याच मुद्द्यावर आधारलेला आहे. ‘जमेल तितके करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि काहीसे अवघड उद्दिष्ट दिल्यास काम सरस होते, असे त्यांनी दाखवून दिले. गॅरी लॅथम व जे. बाल्डेस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचा प्रत्यय येतो. ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकमध्ये कायद्याने संमत वजनाच्या सुमारे ६० टक्केच माल भरला जात असे. चालकांपुढे ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. ते हुकल्यास शिक्षा होणार नाही, असेही सांगण्यात आले. पहिल्या महिन्यात प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत वाढले, दुसऱ्या महिन्यात घसरले. शिक्षा खरोखरच होत नाही, याची जणू चालकांनी खातरजमा करून घेतली! पुढे हे प्रमाण ९० टक्क्यांवर स्थिरावले.

उद्दिष्ट ठरले की लक्ष कोठे द्यायचे आणि कोठे द्यायचे नाही, हेही ठरते. ‘अहवालाचे काम करायचे’ हा केवळ संकल्प झाला. ‘दुपारी एकपर्यंत अहवालाचे पहिले दोन भाग लिहून संपवायचे’ हे उद्दिष्ट झाले. मध्येच आलेला दूरध्वनी किंवा ई-मेल तातडीचा आहे की एकनंतर पाहता येईल, याचा निर्णय मग सोपा होतो. काम कोठपर्यंत आले, हेही वेळोवेळी ताडून पाहता येते.

मात्र, या साधनाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या उद्दिष्टांच्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीविना लाखो खाती उघडल्याचे प्रकरण २०१६ मध्ये गाजले आणि बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. आकडा तेवढा मोजला आणि त्यामागे नोकरी जाण्याची भीती उभी केली, तर माणसे काम नव्हे, आकडाच पूर्ण करतात. म्हणूनच संख्येबरोबर दर्जाही उद्दिष्टात नोंदवायला हवा. नव्या, अपरिचित कामात तर आधी शिकणे हेच उद्दिष्ट असावे.

वरिष्ठांनी ‘लवकर करा’ असे मोघम सांगितल्यास ‘केव्हापर्यंत आणि किती’ हे विचारून घेणे, हा कर्मचाऱ्याचा उद्धटपणा नव्हे. नीट काम करण्याची ती पहिली पायरी आहे.